‘पशु’ ते ‘फी’: शब्दांची मुळे दाखवणाऱ्या एका अ‍ॅपबद्दल

शब्दांची मुळे उलगडून दाखवणाऱ्या एका मोबाइल अ‍ॅपची वर्गणी मी गेल्या पोळ्याच्या सुमारास भरली आणि त्याची पारख इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांची आई असलेल्या आदिजर्मानिक भाषेतल्या ‘*फेहु’ (गुरे, संपत्ती) या एकाच शब्दावर केली. या भाषेत लिहिलेला ग्रंथ कुठेच नाही. गॉथिक, प्राचीन इंग्रजी, नॉर्स आणि जर्मन या लेकींचे शब्द ताडून पाहून अभ्यासकांनी आईचा शब्द मागाहून बांधला आहे, आणि म्हणूनच त्याच्या आधी तारा छापतात. हा तारा अ‍ॅपमध्ये कुठेही गळालेला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

ध्वनिबदलांचा भाग उत्तम आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ ‘प’चा जर्मानिक शाखेत ‘फ’ आणि ‘क’चा ‘ह’ झाला. त्यामुळे संस्कृत, लॅटिन आणि जर्मानिक या सगळ्यांच्या मूळ भाषेतला, म्हणजे इंडो-युरोपीय ‘*पेकु’ तिकडे ‘फेहु’ झाला, तर संस्कृतात त्याच तालव्य ‘क’चा ‘श’ होऊन ‘पशु’ झाला. लॅटिनमध्ये ‘पेकुस’ म्हणजे गुरे आणि ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा.

अर्थाच्या बाबतीत मात्र अ‍ॅप घाई करते. ‘आधी गुरे, त्यावरून संपत्ती’ एवढ्या एका ओळीत ते विषय संपवते. हळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलजोडी विकून लेकीच्या कॉलेजची फी भरणाऱ्याला हा क्रम सहज पटेल. पण गॉथिकमध्ये हा शब्द पैसा, मालमत्ता याच अर्थाने येतो, आणि मुळात तो जंगम मालमत्तेचा वाचक असून गुरांचा अर्थ नंतरचा, असे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९६९ मध्ये मांडले होते. ते मत पटो वा न पटो, वर्गणी घेणाऱ्याने त्याचा उल्लेख तरी करायला हवा होता.

त्याहून खटकते ती ‘फी’ची नोंद. अ‍ॅप ‘फेहु’पासून इंग्रजी ‘फी’पर्यंत सरळ रेघ ओढते. प्रत्यक्षात तो शब्द इंग्रजीत आला नॉर्मन फ्रेंचमधून, जहागिरीच्या अर्थाने; त्या फ्रेंच शब्दाचे मूळ फ्रँकिश या जुन्या जर्मानिक भाषेतल्या ‘फेहु’त असावे, हा प्रचलित पण वादातला तर्क आहे. (जर्मनमध्ये गुरांना आजही ‘फी’च म्हणतात, लिहितात वेगळे.)

रेंज नसतानाही अ‍ॅप चालते, त्यामुळे शेतावर उपयोगी पडते. मराठी नोंदी जवळजवळ नाहीत. ‘फी’बद्दलची दुरुस्ती मी दोन महिन्यांपूर्वी कळवली, उत्तर आले, तर वर्गणी पुन्हा भरीन.