टॅक्रोच्या गोळ्या घ्यायला सात रस्त्याजवळचं मेडिकल, माझा अनुभव

आमच्या मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन तीन वर्षं झाली, किडनी सासूबाईंनी दिली, ऑपरेशन पुण्यात झालं. पण ऑपरेशनपेक्षा नंतरच्या गोळ्यांचाच घोर जास्त. टॅक्रोलिमस (आम्ही टॅक्रोच म्हणतो) सकाळी नऊ आणि रात्री नऊ, वर मायकोफेनोलेट, थोडं स्टिरॉइड, आणि हे जन्मभर, कारण गोळ्या सुटल्या की शरीर आईच्या किडनीलाही परकं समजून तिच्यावर उठतं.

बीपी-शुगरच्या गोळ्या सोलापुरात कुठंपण मिळतात हो, पण टॅक्रो म्हणलं की काउंटरवरचा पोरगा दोनदा "काय?" विचारतो. पहिल्या वर्षी मी दुसऱ्या एका दुकानातून घ्यायचे (नाव नको). एकदा आमचा ब्रँड नव्हता तर "सेमच आहे वहिनी, कंटेंट बघा की" म्हणून दुसरं पाकीट दिलं, मी पण घेतलं. पुढच्या तपासणीत रक्तातली टॅक्रोची लेव्हल सातवरून चारच्या खाली, क्रिएटिनिन (हे वाढलं की किडनीला त्रास होतोय समजायचं) 1.2 चं 1.7, लगेच बॅग भरून पुणे. दुसरा ब्रँड वाईट असतो असं नाही, पण या औषधात थोडा फरकपण चालत नाही, बदलायचंच तर डॉक्टरला विचारून आणि लगेच लेव्हल तपासून, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून हे मेडिकल. इथले काका नाही म्हणतात, मला तेच आवडलं. ब्रँड नसला तर दुसरा गळ्यात मारत नाहीत, "घरात किती दिवसांच्या शिल्लक आहेत?" विचारतात आणि मागवून देतात. गड्ड्याच्या जत्रेतनं आल्यावर ह्यांना खोकला झाला, गल्लीतल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं, काकांनी चिठ्ठी हातातच धरून ठेवली, म्हणले टॅक्रो चालू आहे हे सांगितलंत का त्यांना? आम्ही कुठलं सांगतोय! त्या अँटिबायोटिकनं टॅक्रोची लेव्हल भसकन वर जाते म्हणे. तिथूनच फोन लावून औषध बदलून घेतलं. पपनस खायचं नाही हे पण त्यांनीच परत एकदा बजावलं, आणि मे महिन्यात गोळ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका म्हणून रागावले, आपल्याकडं 43-44 डिग्रीत डिकी म्हणजे भट्टीच की.

आता तक्रारी. डिस्काउंट दहा टक्केच, समोरचा जास्त देतो, महिन्याच्या बिलात ते जाणवतं. पार्किंगच्या नावानं बोंब. रविवारी दुपारनंतर बंद, आणि गर्दीत फोन उचलतच नाहीत, म्हणून मी आठवडाभर आधीच ऑर्डर सांगून ठेवते.

आणि जाताना जुनी रिकामी पट्टी सोबत न्या. तोंडी नाव सांगून देत नाहीत, मी दोन वर्षांची गिऱ्हाईक असून मलापण एकदा पट्टी आणायला जुळे सोलापूरला परत पाठवलं होतं, भर उन्हात.