हिवाळी गारपीट आणि खिशातले हवामान
निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे, मेहुणे अकोल्याकडे हरभरा घेतात आणि मामांची हापूसची कलमे देवगडला आहेत. त्यामुळे फोनमध्ये आधीपासूनच असलेले हवामानाचे ॲप (नाव घेत नाही) तीन प्रदेशांत पारखून पाहता आले.

देवगडला त्याचे बरे चालते. तिथे गारांचा प्रश्न जवळजवळ नाहीच, मोहोरावर तुडतुडे आणि भुरी आणणारे ढगाळ वातावरण दोन दिवस आधी कळले की मामांचे काम भागते. विदर्भात मात्र बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प उत्तरेकडील थंड, कोरड्या हवेला भिडले की तासा-दोन तासांत ढग उभे राहतात आणि एका शिवारात गारा, तर शेजारच्या शिवारात ऊन अशी गत होते. तालुक्याला एकच आकडा देणारे ॲप तिथे काय सांगणार?

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्याकडे गारपीट झाली, त्या दिवशी सकाळी त्यावर ‘अंशतः ढगाळ’ असे दिसत होते. संध्याकाळी घड हातात घेतला, तर फुटलेल्या मण्यांचा चिकट रस बोटांना लागत होता.

त्यानंतर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ घेतले. ते गारांचे भाकीत करत नाही, पण २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांचा इशारा देते, आणि बागेतल्या मजुरांना वेळेत घरी पाठवायला तेवढे पुरते. आधीचे ॲप मी काढून टाकले. मामांनी ठेवले आहे.