उतरत्या कौलांखालचं किचन: 'स्लोप कटिंग'च्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

माळ्यावर, पोटमाळ्यावर किंवा गच्चीवरच्या उतरत्या पत्र्याखाली ज्यांना छोटं स्वयंपाकघर करून घ्यायचं आहे, त्यांनी ॲडव्हान्स देण्याआधी हे जरूर वाचावं. आमचे एक लाख आठ हजार रुपये अडकलेत. ते ज्या पद्धतीने काढून घेतले गेले, ती पद्धत आमच्यापुरती नसणार अशी माझी खात्री आहे.

आमचं घर रत्नागिरीजवळ, चिऱ्याचं आणि मंगळुरी कौलांचं. मुलगा-सून पुण्याहून परत आले. दोघंही घरून काम करणारी, म्हणून माळा त्यांच्यासाठी नीट करायचा आणि वर एक लहान किचन द्यायचं ठरलं. घराची रुंदी १६ फूट, आढं बरोबर मधोमध. आढ्याखाली उंची ९ फूट आणि वळचणीकडच्या दोन्ही भिंती जेमतेम ४ फूट. म्हणजे भिंतीपासून एक फूट आत आलं की छत साडेसात इंच वर चढतं. हा आकडा लक्षात असू द्या, पुढचं सगळं त्याच्याभोवती घडलं.

मॉड्यूलर किचन करणारा एक जण शहरातून आला. बोलायला अतिशय गोड. लेझर मीटरने मापं घेतली, सासूबाईंच्या पाया पडला, आणि दोन दिवसांत मोबाइलवर थ्रीडी चित्रं पाठवली. वळचणीच्या भिंतीला लागून लांब ओटा, त्यावर पांढरी शुभ्र ओव्हरहेड कपाटं, मध्ये शेगडी आणि चिमणी. चित्रात छप्परही उतरतं होतं. सोबतच्या नकाशात मात्र फक्त लांबी-रुंदी होती, वरून पाहिल्यासारखी. उंची एकाच ठिकाणी लिहिलेली: ९ फूट. "बाजूने कापून दाखवलेलं ड्रॉइंग द्या" असं मुलाने मागितलं, तर उत्तर आलं, "दादा, ते फॅक्टरीचं काम, साइटवर ॲडजस्ट होतं."

ते चित्र प्रत्यक्षात उभंच राहू शकत नव्हतं. ओटा ३३ इंच उंच. ओव्हरहेड कपाट ओट्याच्या वर साधारण २० इंच मोकळे सोडून लावतात, म्हणजे त्याचा तळ ५३ इंचांवर. आणि आमची भिंत संपते ४८ इंचांवर! ओटा दोन फूट खोल धरला तर त्याच्या पुढच्या कडेवर छत सव्वापाच फुटांवर येतं. तिथे उभं राहून कढईत डोकावणाऱ्या माणसाचं कपाळ थेट वाशावर आपटणार. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर लागते, वर तिचं स्वतःचं धूड. आमच्या माळ्यावर ती बसायची तर भिंतीपासून जवळजवळ पाच फूट आत यायला हवं. शिवाय शेगडीच्या ज्वाळेवर लाकडी वासे आणि रिपा इतक्या जवळ ठेवणं सरळसरळ धोक्याचं. लेझर मीटर हातात घेऊन जो माणूस माळाभर फिरला, त्याला हे कळलं नसेल असं मी मानत नाही. त्याला चित्र विकायचं होतं.

कोटेशन एक लाख ऐंशी हजारांचं. त्यात स्पष्ट लिहिलेलं: आतली कपाटं बीडब्ल्यूपी मरीन प्लाय (उकळत्या पाण्यातही टिकणारं प्लायवुड), आयएस ७१० (त्याचा भारतीय मानक क्रमांक). नमुना म्हणून प्लायचा एक तुकडाही हातात दिला, तो अस्सल होता. खाली बारीक अक्षरांत एक ओळ: 'स्लोप ॲडजस्टमेंट ॲक्च्युअलप्रमाणे जादा'. साठ टक्के आगाऊ मागितले, तेही फर्मच्या खात्यावर नाही, त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर. "फर्मच्या खात्याची लिमिट संपलीय ताई, बिल पूर्ण रकमेचं देतो." कोटेशनवर जीएसटी नंबर छापलेला असल्याने ते खरं वाटलं.

माल आला तो मे संपता संपता, आभाळ भरून यायला लागल्यावर. सरळ चौकोनी तयार खोकी, कुठल्याही फ्लॅटमध्ये लावतात तशी. एकही ओव्हरहेड बसेना. आणि मग तो म्हणाला, स्लोप कटिंगचे बेचाळीस हजार वेगळे. नाही दिले तर माल असाच राहील, आणि पावसात फुगला तर वॉरंटी नाही. खोकी माळ्यावर पसरलेली, सूनबाईंची ऑफिसची टेबलं खाली ओटीवर, पाऊस तोंडावर. या धंद्याची सगळी मेख इथे आहे. आधी उताराचं माप ड्रॉइंगवर लिहायचंच नाही, म्हणजे नंतर अडवता येतं. तिरकं छत त्याला अडचणीचं नव्हतं, त्याच्या जादा बिलाचं ते कारण होतं.

आम्ही पैसे दिले नाहीत. वाडीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी एक खोकं उताराच्या कोनात कापायला घेतलं आणि करवत दोन बोटं आत जाताच थांबले. म्हणाले, "वहिनी, ह्ये प्लाय नाय." कापलेल्या कडेला लाकडाचे थर दिसायला हवे होते, दिसला तो दाबलेला भुसा. पार्टिकल बोर्ड. वरून सनमायका आणि चारी कडांना पट्टी, त्यामुळे न कापता कळायला मार्गच नाही. काकांनी एक तुकडा रात्रभर बादलीत टाकून ठेवला. सकाळी तो फुगून कडेने चुरा व्हायला लागला होता. मरीन प्लायची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून करतात, म्हणजे फरक किती ते बघा. कोकणातल्या पावसाळ्यात, कौलांखालच्या दमट माळ्यावर हा भुसा किती टिकला असता?

फोन केला तर आधी "फॅक्टरीची चूक झाली असेल", मग "तुम्हीच कापलंत, आता वॉरंटी रद्द", आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून पाहिला (कोणालाही फुकट पाहता येतं, लॉगिन लागत नाही), तर नोंदणी रद्द झालेली आणि नावही वेगळंच.

प्लायच्या बाबतीत एक करता येतं. आयएसआय शिक्क्यावर आयएस क्रमांकाबरोबर सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या, भारतीय मानक ब्युरोच्या ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. पण हा शिक्का अख्ख्या शीटवर असतो, सनमायका चढल्यावर दिसत नाही. म्हणून शीट चिकटवण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन बघायची, किंवा निदान शिक्क्यासकट फोटो मागायचे. आणि माल उतरवताना एका खोक्याला बिजागरीचं भोक आपल्यासमोर पाडायला सांगायचं. भोकातून बाहेर पडणारा चुरा खरं बोलतो.

नकाशाचं म्हणाल तर उतरत्या छताखाली एक उंची कधीच पुरत नाही. भिंतीजवळ, एक फुटावर, दोन फुटांवर, तीन फुटांवर आणि आढ्याखाली अशा उंच्या ड्रॉइंगवर लिहून, खाली त्याची सही घेऊन मगच पहिला पैसा. ज्याला खरंच काम करायचंय तो हे आनंदाने करतो. सुतारकाकांनी कागदाचं पाकीट फाडून त्याच्या पाठीवर हे पाच मिनिटांत काढलं. वळचणीचा नाद सोडून त्यांनी ओटा आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीला घेतला, शेगडी बरोबर मध्ये, जिथे डोक्यावर सगळ्यात जास्त जागा आहे. सिंक खिडकीकडे. दोन्ही बाजूंच्या बुटक्या जागेत ओव्हरहेड नाहीतच, खाली ओढायचे खण केले, त्यात डबे, भांडी, तांदूळ. सिलिंडर आधीच्या चित्रात बंद कपाटात कोंबला होता. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साठतो. आता तो उघड्यावर, जमिनीलगत जाळी असलेल्या कोपऱ्यात उभा आहे. या किचनची जागा साठ चौरस फूटही नाही, पण सूनबाई त्यात आरामात स्वयंपाक करते.

पैशांसाठी आम्ही आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथून समेटाचा प्रयत्न झाला, समोरच्याने दाद दिली नाही. मग रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. खोटा माल दाखवून पैसे उकळल्याचा अर्ज पोलिसांतही दिलाय, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली.

कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं छापून, थ्रीडी चित्रं, आणि कापलेल्या कडांचे मोजपट्टी लावून काढलेले फोटो आम्ही जोडले आहेत. न कापलेली खोकी पडवीत ताडपत्रीखाली ठेवली आहेत, कारण आयोगाने माल तपासायला सांगितला तर तो दाखवावा लागेल. पहिली तारीख झाली, समोरून कोणी आलं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणखी कोणाला असंच 'स्लोप ॲडजस्टमेंट'वालं कोटेशन मिळून माल अडकला असेल, तर त्यांनीही आपापली तक्रार टाकावी. एकाच माणसाविरुद्ध चार तक्रारी असल्या की त्याला "फॅक्टरीची चूक" म्हणून सुटता येणार नाही.