छापून घेतलेली फेलिक्स हर्नांडेझची बेसबॉल कार्डे : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

सिअ‍ॅटल मरिनर्सचा निवृत्त पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) फेलिक्स हर्नांडेझ याच्या कारकिर्दीवर नऊ कार्डांचा संच मी एका ऑनलाइन छपाई कंपनीकडून करून घेतला, त्याला आता आठ महिने झाले. १४० डॉलरमध्ये बारा संच आले. कार्डांची पुढची बाजू मला मनापासून आवडली. मागच्या बाजूवरचे दशांशचिन्ह मात्र अजून खुपते आणि हा लेख मुख्यतः त्या ठिपक्यासाठीच लिहीत आहे.

१५ ऑगस्ट २०१२ रोजी, बुधवारी दुपारी, साताऱ्याहून आलेल्या बाबांना घेऊन मी सेफको फील्डवर गेलो होतो. त्या दिवशी हर्नांडेझने टँपा बे रेजचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद केले, त्यांतले बारा स्ट्राइकआउटने (म्हणजे तीन स्ट्राइक देऊन), आणि सामना १-० असा जिंकला. एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न देणारा असा सामना म्हणजे परफेक्ट गेम, आणि मरिनर्सच्या इतिहासातला तो पहिला. जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या बाबांना सहाव्या इनिंगनंतर काहीही समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी साध्या कॅमेऱ्यावर काढलेले फोटोच या संचात आहेत, कारण परवानगीशिवाय संघाचे बोधचिन्ह किंवा व्यावसायिक छायाचित्रकाराचे फोटो कंपनी छापत नाही, आणि ते योग्यच आहे. डाव्या बाजूच्या ‘किंग्ज कोर्ट’मधले, म्हणजे त्याच्या चाहत्यांच्या खास विभागातले, पिवळे टी-शर्ट आणि स्ट्राइकआउटची खूण असलेल्या ‘के’ अक्षराचे उंचावलेले फलक कार्डावर इतके सुरेख उतरले आहेत, की विकतच्या कार्डांची आठवणही होत नाही. २००८ साली शे स्टेडियमवर पिचर योहान सांतानाच्या चेंडूवर त्याने मारलेल्या ग्रँड स्लॅमचा (तिन्ही बेसवर धावपटू असताना मारलेल्या होम रनचा) फोटो माझ्याकडे असणे शक्यच नव्हते, म्हणून त्या कार्डावर नुसता मजकूर आहे.

आता नववे कार्ड. त्याच्या पाठीवर २००५ ते २०१९ या पंधरा हंगामांचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे आहेत : १६९ विजय, १३६ पराभव, २५२४ स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगच्या सामन्यामागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) ३.४२. अडीच बाय साडेतीन इंचांत सोळा ओळी बसवण्यासाठी साडेचार पॉइंटची अक्षरे घेतली होती, तीही गडद निळ्यावर पांढरी. मागची बाजू कोटिंग नसलेली असल्यामुळे शाई कागदात पसरली आणि तिने पांढरे ठिपके गिळून टाकले. २०१० च्या ओळीत २.२७ ऐवजी २२७ दिसते. ज्या वर्षी त्याचा संघ १०१ सामने हरला आणि त्याच्या स्वतःच्या नावावर १३ विजयांसमोर १२ पराभव लागले, त्याच वर्षी त्याला लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, तो प्रामुख्याने या २.२७ मुळे. नऊ इनिंगमागे सव्वादोन धावा देणाऱ्या माणसाला त्याच्या फलंदाजांनी धावा काढून दिल्या नाहीत, ही त्याची सारी कहाणी त्या एका ठिपक्यावर उभी आहे. तो नसेल तर कार्ड वाचणाऱ्या मुलाला फक्त १३-१२ दिसेल आणि सामान्य पिचर वाटेल.

मी कंपनीला तीन ईमेल केले. पहिल्या दोन ईमेलना उत्तर आले नाही. तिसऱ्याला ‘तुम्ही प्रूफ मंजूर केले होते’ असे कळवून पुढच्या ऑर्डरवर १५ टक्के सवलत देऊ केली. प्रूफ मी चौपट मोठे करून पाहिले होते, हे खरे आहे. पण या कागदावर एवढी बारीक पांढरी अक्षरे टिकत नाहीत, हे छापणाऱ्याने सांगायला हवे होते. बरेच भांडल्यावर त्यांनी चकचकीत कोटिंगच्या कागदावर नववे कार्ड पुन्हा छापून पाठवले. ठिपके थोडे सुधारले, पण सगळे नाही.

नोव्हेंबरच्या पावसात आणखी एक गोष्ट झाली : एका बाजूला कोटिंग आणि दुसरी बाजू उघडी, त्यामुळे दमट हवेत सगळी पहिली कार्डे वाकली. तेव्हा हा पैसा वाया गेला असेच मी ठरवून टाकले होते. मात्र प्रत्येक कार्ड पातळ स्लीव्हमध्ये घालून टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात, ठेवल्यावर दोन महिन्यांत ती सरळ झाली, आणि तेव्हापासून पुन्हा वाकलेली नाहीत. कोपरेही पांढरे पडलेले नाहीत. त्या बाबतीतले माझे मत मी मागे घेतो.

उघड्या पाठीबद्दलचेही मत पुष्कळ बदलले. चकचकीत कार्डावर पांढऱ्या जेल पेनने ठिपका दिला, तर तो बोट लागताच पुसला जातो. त्याच पेनची शाई जुन्या, खरखरीत पाठीवर पक्की बसते. म्हणून बदली कार्डे बाजूला ठेवून मी बारा कार्डांवर प्रत्येकी सोळा, अशा १९२ ठिपक्यांपैकी एक सोडून बाकी सगळे भिंगाखाली हाताने दिले. तीन रविवार गेले.

नवीन ऑर्डर देणाऱ्यांनी पाठीवर पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे घ्यावीत, सहा पॉइंटच्या खाली जाऊ नये आणि एकच नमुना छापून मागवावा, मग त्याचे वेगळे पैसे पडले तरी चालतील. बाबा मे महिन्यात आले, तेव्हा त्यांच्या संचातली २०१० ची ओळ मी मोकळी ठेवली होती. भिंग डोळ्याशी धरून तो ठिपका त्यांनी स्वतः दिला.