संयोजी ऊतींच्या आनुवंशिक आजारांवर काम करायचंय: नीट द्यावी की बी.एस्सी. धरावी?

जनुकशास्त्रात संशोधन करायचं तर डॉक्टर व्हावं की शास्त्रज्ञ, हे हायर सेकंडरीतल्या मुलांपेक्षा त्यांचे आईवडीलच जास्त विचारतात. मोघम उत्तराचा उपयोग नाही, म्हणून संयोजी ऊतींचं एकच क्षेत्र घेतो. हाडं, सांधे, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनांतच जन्मतः खोट असते, असे आजार: मार्फन सिंड्रोम, एहलर्स-डॅनलॉस, हाडं ठिसूळ करणारा ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा.

आधी वर्षं आणि पैसा, घरात पहिली चर्चा त्याचीच होते. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, बालरोग किंवा मेडिसिनमध्ये एमडीची तीन, मग मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम या एमडीनंतरच्या पदवीची आणखी तीन. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नंबर लागला तर सुरुवात घरचं जेवून होते. डीएमसाठी मात्र लखनौचं संजय गांधी संस्थान, दिल्लीचं एम्स अशी मोजकीच ठिकाणं. दुसरीकडे बी.एस्सी. इथल्याच एखाद्या कॉलेजात, एम.एस्सी. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात, पुढे पाचेक वर्षं पीएचडी. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं भत्ता वेगळा. वर्षं दोन्हीकडे जवळपास सारखीच. पण डॉक्टर नुसत्या एमबीबीएसवर थांबला तरी पोट भरतो. पीएचडी अर्ध्यात सोडणाऱ्याचं तसं नसतं.

कामाचा पोत मात्र अगदीच वेगळा. डॉक्टरसमोर उंच, किडकिडीत मुलगा बसतो. त्याला एका हाताच्या अंगठ्या-करंगळीनं दुसरं मनगट धरायला सांगायचं. दोन्ही बोटांची टोकं एकमेकांवर चढली की शंका घ्यायची, डोळ्यातलं भिंग सरकलंय का ते बघायचं, इको काढून महाधमनीच्या मुळाचा व्यास मोजायचा. मग आईवडील, भावंडं तपासायची. मार्फनच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत बदल नव्यानंच झालेला असतो, घरात आधी कुणालाच नसतो. 'मग आमच्याच मुलाला का?' याचं उत्तर देण्यात तास जातो.

शास्त्रज्ञापुढे तोच मुलगा अहवाल बनून येतो: फायब्रिलिन-१ या संयोजी ऊतीतल्या प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं. हे जनुक मार्फनशी १९९१ साली जोडलं गेलं, तरी आजही असे अहवाल येतात ज्यांत 'अर्थ अनिश्चित' एवढाच शेरा असतो. तो शेरा पुसणं हे तुमचं काम. कोलॅजेन या हाडं-त्वचेतल्या प्रथिनाचं उदाहरण घ्या. त्याच्या साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिनच लागतं, कारण तीन साखळ्यांच्या पिळात आतल्या बाजूला मावेल इतकं लहान दुसरं नाही. तिथे भलतंच काही आलं की पीळ नीट बसत नाही. हे रुग्णाच्या त्वचेच्या पेशी वाढवून दाखवायला महिने लागतात, आणि मधेच बुरशी शिरली की पहिल्यापासून सुरू. (जुलैत कपाट उघडणाऱ्या गोंयकाराला बुरशी काय सांगायची!)

निराशाही पचवता आली पाहिजे. २००६ मध्ये लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधानं मार्फन असलेल्या उंदरांची महाधमनी फुगायची थांबवली, तेव्हा सगळे हरखले होते. २०१४ मध्ये ६०८ मुलं-तरुणांवरच्या चाचणीचा निकाल आला: अटेनोलॉल या जुन्या औषधापेक्षा ते सरस ठरलं नाही. अतिलवचीक सांध्यांच्या एहलर्स-डॅनलॉस प्रकाराचं जनुक तर अजून सापडलेलंच नाही. तिथे निदान डॉक्टरच्या हातानंच होतं.

आता माझं मत. मार्फन साधारण ५,००० माणसांत एकाला होतो. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, म्हणजे हिशेबानं रुग्ण तीनशेच्या आसपास. तेवढ्यावर ओपीडी चालत नाही. जेनेटिक्सचा डॉक्टर डाऊन सिंड्रोम, थॅलेसेमिया, गरोदरपणातल्या तपासण्या सगळंच बघणार, संयोजी ऊती त्यात अधूनमधून. एकाच प्रथिनामागे आयुष्य घालवायची चैन फक्त प्रयोगशाळेत आहे. ती ओढ खरोखर असेल तर बी.एस्सी. धरा आणि हैदराबाद-बेंगळुरूला जायची मानसिक तयारी ठेवा. माणसं बघायची हौस असेल, गोव्यात परत यायचं असेल, तर नीटच. केवळ नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून 'संशोधनात जातो' म्हणणाऱ्याला मी हा विषय सुचवणार नाही.

पीएचडीची प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकाला एक गोष्ट जरूर विचारा: रुग्णांचे नमुने कुठल्या रुग्णालयातून येतात? मणिपालसारखं, जिथे मेडिकल जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, असं ठिकाण बरं पडतं; शिवाय मडगावहून कोकण रेल्वेनं उडुपीला उतरलं की आलंच.