चार फुटांच्या फळीवरची रेल्वे : काटो युनिट्रॅक

कोल्हापुरातल्या फ्लॅटमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत मॉडेल रेल्वे बसवायची असेल, तर १:१६० प्रमाणाच्या एन स्केलमधील काटो कंपनीचे युनिट्रॅक रूळ मला सर्वांत सोयीचे वाटतात. ३१५ मिमी त्रिज्येची, ४५ अंशांची आठ वळणे आणि २४८ मिमीचे चार सरळ तुकडे जोडले की होणारे लांबट वर्तुळ चार बाय अडीच फुटांच्या फळीवर आरामात मावते. याहून मोठ्या एचओ स्केलमध्ये (१:८७) १८ इंच त्रिज्येचे वळणसुद्धा या रुंदीत बसत नाही. शिवाय अडीच फूट म्हणजे भिंतीकडेला रुळावरून घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोहोचतो, आणि ही बाब आराखड्यात फार मोलाची आहे.

खडीचा आकार रुळांच्या तळातच घडवलेला असून तुकडे टक आवाज करून घट्ट बसतात, त्यामुळे मांडणी हवी तितक्या वेळा मोडता येते. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, निवडताना मात्र विचार करावा. क्रमांक ६ चा सांधा १८६ मिमी जागा खातो, क्रमांक ४ चा १२६ मिमी. छोट्या फळीवर क्रमांक ४ चाच घ्यावा. आपल्या शाहू महाराज टर्मिनससारखे शेवटचे स्थानक करायचे असेल, तर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला आणण्यासाठी बाजूचा रूळ लागतोच.

रुळांना वीज पुरवणारा जपानी पॉवर पॅक १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टला थेट जोडू नये. फळीसाठी मरीन प्लायच घ्यावा, कारण इथल्या जुलैच्या दमटपणात साधा प्लाय फुगतो.