फोर्ट वर्थचा रोडिओ: वळू बघायला गेलो, घोडे बघून आलो

डॅलसकडच्या मराठी घरांत पाहुण्यांना कुठं फिरवायचं ते ठरलेलं असतं: केनेडींचं संग्रहालय, फ्रिस्कोचं हनुमान मंदिर आणि फोर्ट वर्थचं स्टॉकयार्ड्स, म्हणजे गुरांचा जुना बाजार. स्टॉकयार्ड्सला बहुतेक जण दुपारी जातात, चार वाजताची गुरांची मिरवणूक बघतात, काऊबॉय टोपी घालून फोटो काढतात आणि जेवायच्या आत घरी येतात. माझं मत विचाराल तर तिथला सगळ्यात मिळमिळीत भाग तेवढाच बघून परततात.

ही मिरवणूक रोज सकाळी साडेअकराला आणि दुपारी चारला एक्स्चेंज अ‍ॅव्हेन्यूवरून निघते. फुकट असते, १९९९ पासून चालू आहे. लाँगहॉर्न, म्हणजे इथली लांब शिंगांची गुरं, देखणे असतात यात वाद नाही, शिंगांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा-सात फूट सहज. पण चार-पाच मिनिटांत सगळं आटोपतं. सासरे, म्हणजे आबा, आटपाडीचे. खरसुंडीच्या यात्रेत खिलार पारखण्यात त्यांची हयात गेलेली. ते म्हणाले, "ही तर पाण्यावर निघालीत." खिलाराची शिंगं वर जातात, यांची आडवी. "गोठ्यात दावणीला दोन शेजारी बांधायची कशी?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. मला उत्तर सुचलं नाही.

मधल्या वेळेत लाइव्हस्टॉक एक्स्चेंजची, म्हणजे गुरांच्या सौद्यांची, १९०२ ची इमारत बघा. त्याच्या कितीतरी आधी इथूनच चिझम ट्रेल या वाटेनं गुरं उत्तरेला कॅन्ससकडे हाकत न्यायचे. १८७६ मध्ये रेल्वे आली, मग आर्मर आणि स्विफ्ट या मांस कंपन्यांचे कारखाने. ते अनुक्रमे १९६२ आणि १९७१ ला बंद पडले. खेचरांचे जुने तबेले होते तिथं आता महागडी दुकानं आहेत. बुटांच्या किमती बघून आम्ही काचेबाहेरूनच समाधान मानलं.

खरा माल रात्री. काऊटाऊन कोलिझियममध्ये शुक्रवारी-शनिवारी रोडिओ, म्हणजे काऊबॉयांचे घोड्या-गुरांवरचे खेळ, असतो. इमारत १९०८ ची, आत माती पसरलेलं रिंगण, आणि आकार एवढा बेताचा की मागच्या रांगेतूनही घोड्याचा फुरफुराट ऐकू येतो. तिकीट काढताना वळू सोडतात त्या फाटकांजवळची बाजू मागा. आधी प्रार्थना, राष्ट्रगीत, मग झेंडा घेऊन घोडा भरधाव.

वळूवर आठ सेकंद टिकायचं, एका हातानं. दुसरा हात कुठंही टेकला की बाद. शंभरातले निम्मे गुण वळूच्या उड्यांचे असतात, हे आबांना फार पटलं. पण खरं सांगू? वळूचा प्रकार दणक्यात सुरू होतो आणि दणक्यात संपतो, बघण्यासारखं त्यात फार उरत नाही. वासराला फास टाकायचा खेळ बघा. स्वार उडी मारून धावतो, वासराचे तीन पाय बांधतो, आणि तेवढा वेळ घोडा एकटा, कुणी न सांगता, मागे सरकत दोर ताणून धरतो. "पगार घोड्याला द्या," आबा म्हणाले. मात्र दोराचा हिसका बसून वासरू आपटलं तेव्हा ते गप्प झाले. २०१४ ला बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा आमच्याकडे महिनोन् महिने याच विषयावर भांडणं झाली होती. ज्यांना असलं बघवत नाही त्यांनी पिंपांभोवती घोडे पळवायच्या शर्यतीपुरतं बसावं. तीन पिंपं, पाडलं की पाच सेकंद दंड, आणि बहुतेक स्वार मुली. बाहेर बिल पिकेट या कृष्णवर्णीय काऊबॉयचा पुतळा आहे. धावत्या घोड्यावरून झेप घेऊन गोऱ्ह्याला शिंगं धरून लोळवायचा प्रकार त्यानं गाजवला.

जेवणाचं जपून. एका ठिकाणी 'व्हेज' म्हणून आलेल्या घेवड्यात डुकराचं मांस निघालं. शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं, किंवा सरळ मेक्सिकन हॉटेल गाठावं.

रात्री परत न येता पश्चिमेला वेदरफोर्डच्या बाजूला एका रँचवर, म्हणजे गुराघोड्यांच्या मोठ्या शेतावर, राहिलो. खोल्या साध्या, गिझर हट्टी, नाश्ता भरपूर. हा भाग 'कटिंग' घोड्यांसाठी नावाजलेला आहे. कळपातून एक गाय बाजूला काढायची, मग स्वार लगाम सैल सोडतो आणि पुढचं सगळं घोडा बघतो. गाय डावीकडे वळायच्या आत घोडा डावीकडे. कबड्डीतला चांगला कोपरारक्षक असाच सरकतो. सकाळच्या सरावाला आम्हाला कुंपणाशी उभं राहू दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि अख्ख्या सहलीत आबा सगळ्यात जास्त वेळ तिथंच रमले.

बाकी आजूबाजूला तारेचं कुंपण, निवडुंग आणि मेस्किटची झाडं. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. आबांनी शेंग मोडून बघितली आणि रँचवाल्याला खुणेनंच विचारलं, हिचा ताप होतो का? तो पाच मिनिटं तावातावानं बोलत होता. मी भाषांतर करायला गेले तर आबा म्हणाले, "राहू दे, कळलं मला."

जायचं तर ऑक्टोबर ते एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये वडीलधाऱ्यांना नेऊ नका, चारच्या मिरवणुकीला ऊन भाजून काढतं. पार्किंगला पैसे पडतात. मिरवणूक चुकली तरी चालेल, रोडिओ बघाच. रँचवर दोन रात्री काढता आल्या तर उत्तम.